विश्लेषण : दाट जंगलातील शिकारीसाठी लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल कशी निवडावी?

झुडपे भेदून सावजापर्यंत पोहोचणारी रायफल, ही या बंदुकीची जुनी ख्याती. ती खरी नाही. तरीही सव्वाशे वर्षांपूर्वीची ही रचना अमेरिकेच्या जंगलांत अजून टिकून आहे आणि गेल्या काही वर्षांत नव्याने विकली जात आहे. त्याची कारणे वेगळी आहेत.

अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत नोव्हेंबर म्हणजे हरणांच्या शिकारीचा महिना. मिशिगनमध्ये बंदुकीचा हंगाम १५ तारखेला सुरू होतो, तर विस्कॉन्सिनमध्ये 'थँक्सगिव्हिंग'च्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस चालतो. मिशिगनच्या काही भागांत पहिल्या दिवशी शाळांनाही सुट्टी असते. या लाखो शिकाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या हातात आजोबांकडून आलेली एखादी विंचेस्टर किंवा मार्लिन दिसते. अलीकडे नव्या बंदुकाही आल्या आहेत. रुगर कंपनीने २०२० मध्ये मार्लिन हे नाव विकत घेतले आणि पुढच्याच वर्षाच्या अखेरीस आपल्या कारखान्यात तयार झालेली पहिली मार्लिन बाजारात आणली. स्मिथ अँड वेसन या मुख्यतः पिस्तुले व रिव्हॉल्व्हरसाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीनेही २०२४ मध्ये '१८५४' नावाची लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल काढली. दुकानात पर्याय वाढले की चुकीची निवडही वाढते. आणि इथे चुकीची निवड म्हणजे केवळ पैशांचे नुकसान नव्हे. जखमी होऊन रात्रभर झाडीत तडफडणारे हरीण, किंवा त्याहून वाईट काही, हेही त्यात येते.

ही रायफल चालते कशी?

चापाभोवती जी धातूची कडी असते, तीच या रायफलीची लिव्हर. ती खाली ओढली की झाडलेले काडतूस बाहेर फेकले जाते आणि घोडा चढतो. परत वर घेतली की नळीखालच्या लांब मॅगझिनमधून आलेले नवे काडतूस आत बसते. हे सगळे करताना दस्ता खांद्यावरून हलवावा लागत नाही. १८६० च्या हेन्री रायफलीपासून हे तत्त्व प्रचारात आले. पण शिकाऱ्यांच्या दृष्टीने खरे वळण आले ते जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी आखलेल्या विंचेस्टर १८९४ मुळे. पुढच्याच वर्षी तिच्यासाठी धूरविरहित दारूचे .३०-३० काडतूस आले, ज्याला सगळे 'थर्टी-थर्टी' म्हणतात. या एका मॉडेलच्या ७० लाखांहून अधिक रायफली बनल्या.

लिव्हर-अ‍ॅक्शनचा फायदा डावखुऱ्यांनाही आहे. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीचा दांडा बहुधा उजव्या बाजूला असतो. इथे कडी मधोमध खाली, त्यामुळे दोन्ही हातांना सारखीच सोय.

दाट झाडीत नेमके काय उपयोगी पडते?

मेनमधील देवदार आणि स्प्रूसच्या झाडीत किंवा न्यूयॉर्क राज्यातील अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरांत नजर क्वचितच १०० यार्डांपलीकडे जाते. बहुतेक वेळा हरीण ४०-५० यार्डांवर असते आणि दोन खोडांच्या मधून काही सेकंदच दिसते. अशा ठिकाणी ३०० यार्डांवर नेम लागणारी लांब नळीची, मोठ्या दुर्बिणीची रायफल म्हणजे नुसते ओझे. वीस इंची नळीची विंचेस्टर ९४ साधारण ३८ इंच लांब आणि तीन किलोच्या आसपास असते. अंगाने सपाट असल्यामुळे मधोमध एका हाताने धरून दिवसभर चालता येते. वाकून फांदीखालून जाताना ती अडकत नाही, आणि खांद्याला लावायला वेळ लागत नाही. एवढ्या साध्या कारणासाठी ही रचना टिकली आहे.

दुकानात रायफल हातात घेतल्यावर एक चाचणी करून पाहावी, आणि ती जाड कोट घालूनच करावी. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे. नेम आपोआप डोळ्यासमोर आला तर दस्त्याची लांबी बरोबर आहे. मान वाकडी करून शोधावा लागला, तर ती बंदूक कितीही देखणी असली तरी आपली नव्हे. विक्रेते नळीवरील कोरीवकाम आणि अक्रोडाच्या लाकडाबद्दल भरभरून बोलतात, याबद्दल मात्र फारसे बोलत नाहीत.

झुडपे भेदणारी गोळी : किती खरे?

मोठी, जड आणि सावकाश जाणारी गोळी डहाळ्या तोडत सरळ पुढे जाते, तर हलकी व वेगवान गोळी भरकटते, हा समज अमेरिकी शिकाऱ्यांत चार पिढ्यांपासून आहे. अशा बंदुकांना 'ब्रश गन' असे नावच पडले. जड काडतुसाच्या लिव्हर-अ‍ॅक्शन रायफली आजही या नावावर खपतात.

नेमबाजांनी गेल्या कित्येक दशकांत लाकडी काठ्यांच्या रांगा उभ्या करून आणि खऱ्या झुडपांतून गोळ्या झाडून हे तपासले आहे. निष्कर्ष जवळपास तोच येतो, सगळ्याच गोळ्या वळतात. फार हलक्या, फार वेगवान गोळ्या फुटून जातात, त्यामानाने जड व बोथट गोळ्या थोड्या बऱ्या ठरतात, पण भरवसा ठेवावा इतक्या नाहीत. गोळी स्वतःभोवती वेगाने फिरत असते म्हणून ती स्थिर राहते. बोटाएवढ्या डहाळीनेही तो तोल बिघडतो आणि ती आडवी होऊ लागते.

साधा हिशेब मांडून पाहा. डहाळीला लागून गोळी फक्त एक अंशाने वळली असे समजू. डहाळी हरणाच्या तीन यार्ड अलीकडे असेल, तर गोळी दोन इंचांहून कमी सरकेल. पण हीच डहाळी शिकाऱ्याच्या जवळ असेल आणि तिथून हरीण ३० यार्ड दूर असेल, तर गोळी सुमारे १९ इंच सरकते. हरणाच्या हृदय-फुप्फुसाचा भाग आठ-दहा इंचांचा असतो. म्हणजे एका अंशात प्राणघातक बार पोटात किंवा पायात जातो. पोटात गोळी लागलेले हरीण मैलभर धावू शकते, आणि दाट झाडीत, संध्याकाळच्या वेळी त्याचा माग काढणे अनुभवी माणसालाही जड जाते.

यापेक्षा गंभीर बाब अशी की, झुडपातून गोळी आरपार जाईल असे मानणारा माणूस झुडपातच गोळी झाडतो. म्हणजे ज्याचा पूर्ण आकार दिसत नाही, अशा गोष्टीवर. १९८८ च्या नोव्हेंबरात मेनमध्ये स्वतःच्या घरामागे उभ्या असलेल्या एका महिलेचा शिकाऱ्याच्या गोळीने मृत्यू झाला. तिच्या हातात पांढरे हातमोजे होते. तिथले हरीण सावध झाले की शेपटीची पांढरी बाजू वर करून पळते. शिकाऱ्यावर खटला चालला, ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले आणि राज्यात मोठा वाद उसळला. ती भगवा पोशाख घालून का बाहेर पडली नाही, असे विचारणारेही त्या वेळी होते. त्यानंतर मेनने सावजाची ओळख पटवण्याचा कायदा केला. गोळी झाडण्यापूर्वी प्राण्याचे डोके आणि धड जवळपास विनाअडथळा दिसले पाहिजे, अशी त्याची अट आहे. हा नियम आणि 'ब्रश गन'ची कल्पना एकत्र नांदू शकत नाहीत. डोके व धड मोकळे दिसत असेल तर झुडूप भेदण्याची गरज उरत नाही. दिसत नसेल, तर चाप ओढण्याचा अधिकारच नाही.

तेव्हा रायफल निवडताना 'हिची गोळी फांद्यांतून जाईल का' हा प्रश्न बाजूला ठेवावा. फांद्यांमधली मोकळी फट शोधायला आणि तिच्यातून नेमकी गोळी घालायला कोणती रायफल मदत करते, हा खरा प्रश्न.

मग काडतूस कोणते?

पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी आणि जवळच्या अंतरावरील काळ्या अस्वलासाठी थर्टी-थर्टी आजही पुरेसे आहे. त्याची गोळी १५० किंवा १७० ग्रेनची असते, म्हणजे साधारण १० ते ११ ग्रॅम. १०० यार्डांवर नेम बसवला तर २०० यार्डांवर ती सात-आठ इंच खाली येते. मोकळ्या माळरानावर ही उणीव ठरेल, पण दाट जंगलात २०० यार्ड दिसतच नाहीत. तिचा धक्का सौम्य आहे आणि काडतुसे जवळपास प्रत्येक गावातल्या दुकानात मिळतात. पहिलीच रायफल घेणाऱ्याने इथेच थांबावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

.३५ रेमिंग्टन थोडी जड गोळी फेकते आणि ईशान्येकडील जुन्या शिकाऱ्यांचा तिच्यावर जीव आहे. काडतुसे मिळवायला मात्र फिरावे लागते. .४४ मॅग्नम हे मुळात रिव्हॉल्व्हरचे काडतूस. रायफलीच्या लांब नळीतून त्याचा वेग वाढतो आणि ७०-८० यार्डांपर्यंत हरणासाठी ते चोख काम करते. त्याच्या रायफली आखूड व हलक्या असतात, हा आणखी एक फायदा.

.४५-७० हे १८७३ मध्ये अमेरिकी लष्करासाठी बनलेले काडतूस सध्या सर्वाधिक चर्चेत आहे. अलास्कात तपकिरी अस्वलांच्या प्रदेशात वावरणारे लोक ते जवळ बाळगतात, ते समजण्यासारखे आहे. पण पन्नास-साठ किलोच्या हरणासाठी, हलक्या रायफलीतून, त्याचे भारी भरलेले काडतूस झाडणे म्हणजे खांद्याशी वैर. धक्क्याची भीती बसलेला माणूस चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतो, आणि ती सवय सुटायला वर्षे लागतात.

एक वेगळी शाखाही आहे. ब्राउनिंगची बीएलआर किंवा हेन्रीची लाँग रेंजर यांत मॅगझिन पेटीसारखे असते आणि .३०८ सारखी आधुनिक काडतुसे चालतात. जंगल संपून शेताच्या कडेला लांबचा बार घ्यावा लागणार असेल तर त्यांचा विचार जरूर करावा.

गोळीच्या टोकाची भानगड

पारंपरिक लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलीत काडतुसे नळीखालच्या मॅगझिनमध्ये एकामागे एक आडवी असतात. म्हणजे मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाशी टेकलेले. गोळी टणक व अणकुचीदार असेल, तर बाराच्या धक्क्याने ती पुढच्या काडतुसाच्या टोपीवर आदळून मॅगझिनमध्येच स्फोट होऊ शकतो. म्हणून या रायफलींत चपट्या किंवा बोथट टोकाच्या गोळ्याच वापरतात. हॉर्नडी कंपनीने रबरासारख्या मऊ टोकाच्या गोळ्या आणून यावर तोड काढली आहे. त्यांनी पल्ला थोडा वाढतो. दुकानदाराने 'चालेल' म्हटले म्हणून दुसऱ्या रायफलीच्या टोकदार गोळ्या भरू नयेत.

विंचेस्टर १८९५ याला अपवाद होती. तिचे मॅगझिन पेटीचे होते. थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेत याच जातीची .४०५ रायफल घेऊन गेले होते. शिकारकथा वाचणाऱ्यांना दक्षिण भारतातील नरभक्षक वाघ-बिबट्यांवर लिहिणारे केनेथ अँडरसन आठवत असतील. त्यांच्या हातातही हीच .४०५ विंचेस्टर असे. आपल्याकडच्या जंगलाशी लिव्हर-अ‍ॅक्शनचा संबंध आला तो असा.

शिशाचा प्रश्नही आहे. फुटलेल्या शिशाचे कण मांसात आणि जंगलात टाकलेल्या आतड्यांत राहतात, ते खाऊन गरुड व कॉन्डॉर मरतात. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. थर्टी-थर्टीसाठी तांब्याच्या गोळ्या मिळतात.

दुर्बीण हवी की नको?

इथे जुन्या मंडळींचा आग्रह थोडा बाजूला ठेवायला हवा. नुसत्या डोळ्यांनी नेम धरण्याची जुनी पद्धत रम्य आहे, पण पहाटेच्या अंधूक उजेडात चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना मागची खाच, पुढचा मणी आणि हरीण असे तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाही. त्यावर उपाय म्हणजे मागे गोल भोकाची कडी बसवणे. डोळा तिच्यातून आपोआप मध्य शोधतो. नाहीतर कमी ताकदीची दुर्बीण, एकपट ते चारपट एवढीच. मोठी दुर्बीण जवळच्या झाडीत फक्त पाने मोठी करून दाखवते. ओळख पटवण्याचा मुद्दा लक्षात घेतला तर लहान दुर्बीण ही चैन नाही. मात्र समोर काय आहे हे पाहायला रायफलीची दुर्बीण कधीही वापरू नये, त्यासाठी गळ्यात वेगळी दुर्बीण असावी. रायफल रोखून 'बघतो' म्हणणारा माणूस उद्या कोणावर तरी ती रोखलेला असेल.

दुर्बीण बसवायची असेल तर मॉडेलकडे पाहावे लागते. जुन्या विंचेस्टर ९४ मधून रिकामे काडतूस थेट वर उडते, म्हणून दुर्बीण सरळ वर बसत नाही. १९८० च्या दशकात कंपनीने ते कोनात बाहेर पडेल अशी सुधारणा केली. १९४८ पासूनची मार्लिन ३३६ मात्र वरून बंद आहे आणि काडतूस बाजूने टाकते. दुर्बिणीसाठी ती पहिल्यापासूनच सोयीची.

जुनी घ्यावी की नवी?

विंचेस्टरचा न्यू हेवनमधील कारखाना २००६ मध्ये बंद झाला. आता या रायफली जपानमध्ये मिरोकू कंपनी बनवते, आणि काम उत्तम असते. जुन्यांत १९६४ पूर्वीच्या विंचेस्टरना भाव आहे, कारण त्या वर्षी खर्च वाचवण्यासाठी रचनेत बदल झाले. मार्लिनच्या बाबतीत नळीवर 'जेएम' ही खूण असलेल्या रायफली शोधल्या जातात. रेमिंग्टनच्या ताब्यातील सुरुवातीच्या वर्षांत जुळणीबद्दल बऱ्याच तक्रारी होत्या. रुगरने त्या दूर केल्या, पण नवी मार्लिन ३३६ हजार डॉलरच्या वर जाते. जुनी घेताना लिव्हर सावकाश आणि जोरात, दोन्ही प्रकारे चालवून पाहावी. नळीच्या आत दिवा टाकून गंज बघावा.

घोड्याकडे विशेष लक्ष द्यावे. बहुतेक लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलींचा घोडा बाहेर असतो, आणि बार न करता तो सावकाश खाली आणताना अंगठा निसटला तर गोळी सुटते. थंडीत बधिर झालेल्या बोटांनी हे करणे धोक्याचे. ही कृती आधी रिकाम्या रायफलीवर शेकडो वेळा करून पाहावी. दुर्बीण बसवली तर घोड्याला बाजूला निघणारे बोंड लावून घ्यावे, अन्यथा अंगठा पोहोचत नाही. आणि रिकामी करण्याची पद्धतही पाहावी. विंचेस्टर व मार्लिनच्या नेहमीच्या मॉडेलांत प्रत्येक काडतूस लिव्हर चालवूनच बाहेर काढावे लागते. हेन्रीच्या बऱ्याच मॉडेलांत मॅगझिनची आतली नळी पुढून ओढून काडतुसे ओतता येतात. अंधारात, गाडीपाशी, दमलेल्या अवस्थेत हा फरक छोटा नसतो. कडी मोठी असणे मात्र फक्त जाड हातमोजे घालणाऱ्यांच्या सोयीचे. १९३९ च्या 'स्टेजकोच'मध्ये जॉन वेनने तिच्यावर रायफल गरगर फिरवली, तेव्हापासून ती शोभेसाठी विकली जाते.

राज्यागणिक नियम

पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीला अर्धस्वयंचलित रायफल चालत नाही, त्यामुळे तिथे हाताने काडतूस बदलण्याच्या रायफलींचा जम आहे. ओहायोत २०१४ पासून रायफलीला परवानगी मिळाली, पण सरळ भिंतीच्या काडतुसांनाच. थर्टी-थर्टीचे काडतूस मानेपाशी निमुळते असल्याने तिथे ते बाद ठरते, तर .४५-७० आणि .४४ मॅग्नम चालतात. रेमिंग्टनने २०२३ मध्ये आणलेले .३६० बकहॅमर हे काडतूस अशाच राज्यांसाठी आहे. दुकानात शिरण्याआधी आपल्या राज्याची नियमपुस्तिका वाचलेली असावी.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे छंद म्हणून शिकार करता येत नाही. पण मिनेसोटा किंवा मिशिगनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरांत शेजाऱ्याचे किंवा सहकाऱ्याचे 'चल या वेळी' असे आमंत्रण येते. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकी संघराज्य कायद्याने बंदूक बाळगण्यास मनाई आहे. कोणत्याही राज्याचा वैध शिकार परवाना असणे हा त्यातला एक अपवाद. म्हणजे परवान्याआधी मित्राची रायफल नुसती हातात घेऊन नेमबाजीच्या मैदानावर जाणेही अडचणीत आणू शकते, आणि त्याचा परिणाम व्हिसावर होऊ शकतो. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार सुरक्षेचा अभ्यासक्रम केल्याशिवाय सर्वसाधारण परवाना मिळत नाही. परवान्याचे काम उन्हाळ्यातच उरकले, तर ऑक्टोबरमध्ये मैदानावर जाऊन उभ्याने, कोट घालून, ५० यार्डांवरच्या कागदी ताटलीवर पुरेसा सराव होतो.